फाइल वापरात आहे

शेठचा फोन: झेड गेला.
झेड म्हणजे काय हे शेठला ठाऊक नाही,
तो गेला की काट्यावर गाड्या तुंबतात, एवढं ठाऊक आहे.
मी सॅक अडकवतो, निघतो शहादा रस्त्याने.
डाव्या हाताला पथारी लागतात,
अर्धं नंदुरबार लाल, उन्हात उताणं.

ऑफिसच्या पायरीवरच दोन शिंका.
इथे पाहुणा शिंकेवरून ओळखतात,
रोजची माणसं शिंकत नाहीत.

चार टेबलं, चार कॉम्प्युटर.
पाचवा जिन्याखाली, त्याला पडदाही नाही.
सगळे त्याला सर्व्हर म्हणतात, म्हणायला काय जातं.
ओली किती आली, वाळून किती उरली,
फटकी किती निघाली, कोणाची उचल किती,
पाच हंगाम त्याच्या पोटात आहेत.
झाकण काढतो. पंख्याच्या पात्यांवर
तिखटाचा थर, बोटभर नाही पण नखभर नक्की.
ब्लोअर मारला तसा जिनाच खोकला.

पण दुखणं ते नव्हतं.
काल रात्री वीज गेली, आली,
राउटरने झोपेतून उठून नव्याने पत्ते वाटले.
जिन्याखालच्याला दुसराच नंबर लागला
आणि सकाळपासून चौघं
जुन्या दारावर थापा मारत बसलेत.
चारही पडद्यांवर झेडच्या कपाळी लाल फुली.

मी त्याचा पत्ता कायमचा लिहून देतो:
शेवटी दोनशे दहा. वीज जावो, येवो,
आता तू हलायचं नाहीस.
मग एकेका टेबलाशी वाकून
दोन उलट्या तिरक्या रेघा, नाव, पासवर्ड,
'पुढच्या वेळीही जोड' यावर बरोबरची खूण.
काट्याला लिहायची मुभा. गोडाऊनला नुसतं बघायची.
शेठला सगळं खुलं,
शेठ उघडतात फक्त भावाचा कागद.

झालं म्हणून चहा सांगितला,
तेवढ्यात काट्यावरून रोहिदास ओरडतो:
"आवक लिहू देत नाही! आप्पानी उघडेल शे!"

भटू आप्पा दिवाळीपासून घरी, रनाळ्याला.
आणि आत्ता इथेच, बाकावर, चपला काढून;
बाजाराला आले की भाव ऐकून जातात.
दोन्ही हात रिकामे आहेत त्यांचे.
फाइल उघडी आहे ती त्यांच्या जुन्या खुर्चीत
बसलेल्या रंजिताच्या पडद्यावर.
मशीन अजून तिला आप्पाच समजतं.

"दिवाळीपासून असंच आहे," ती म्हणते,
"मी भरते, नाव त्यांचं लागतं."
तक्रार नाही. पावतीचा आकडा सांगावा तसं.

आप्पांना केवढा आनंद.
"मनं नाव आजून तठेच शे का, पोरी?"
दुसरा चहा मागवतात, बशीत ओततात,
सांगू लागतात, कॉम्प्युटर आला तेव्हा
त्यांनी नारळ कुठल्या कोपऱ्यावर फोडला,
आणि पाणी कुठल्या वायरवर उडालं.

पर्यायांत जायचं, वापरकर्त्याचं नाव खोडायचं.
अर्ध्या मिनिटाचं काम.
मी उगाच केबल तपासतो, ओढतो, परत खोचतो.

रंजिता माझ्याकडे बघते, मग बाकाकडे, मग कीबोर्डकडे.
कुठे असतं ते, एवढंच विचारते.
मी दाखवतो. आप्पांचं नाव
एकेक अक्षर मागे सरकत पुसलं जातं,
ती भराभर नाही, बघून बघून टाइप करते:
रंजिता व
इथे थांबते. ळ कुठल्या बटणाखाली?
बाकावरून आप्पाच सांगतात,
"शिफ्ट दाबीसन, एन."
वी.
ओके.

फाइल बंद करून ती पुन्हा उघडते.
काट्यावर गाडीचा भोंगा,
त्यावरून रोहिदासचा आवाज:
"रंजिता वळवीनी उघडेल शे! बंद कर ना वं!"

ती हसत नाही, फक्त म्हणते, "दोन ओळी राहिल्यात, थांब."

आप्पा बशी खाली ठेवतात.
चपलेत पाय घालता घालता
शिंकतात. एकदा,
मग उपरण्यात तोंड धरून
पुन्हा.